नागपूर योजना आणि रस्त्याच्या तीन वह्या

१९४३ सालच्या डिसेंबर महिन्यात नागपुरास एक परिषद भरली होती. महायुद्ध चालू होते, बंगालात माणसे अन्नावाचून मरत होती, पेट्रोल मोजूनमापून मिळत होते. आणि अशा दिवसांत निरनिराळ्या प्रांतांचे व संस्थानांचे मुख्य अभियंते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या या राजधानीत जमून, पुढच्या वीस वर्षांत या देशात किती रस्ते असावेत याचा हिशेब मांडीत होते. त्या हिशेबाला 'नागपूर योजना' असे नाव पडले. झिरो माईलच्या दगडाकडे आपण नागपूरकर अभिमानाने बोट दाखवतो. या परिषदेची आठवण मात्र फारसे कोणी काढीत नाही.

वास्तविक आज आपल्या तालुक्याच्या नकाशावर रस्त्यांची जी उतरंड दिसते, ती या योजनेने पक्की केली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते असे पाच वर्ग तिने पाडले. शेतीने भरलेल्या मुलखातले कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, असे तिने ठरवले. त्यासाठी अभियंत्यांनी एक सूत्र बसवले. शेतजमिनीच्या चौरस मैलांना पाचाने भागायचे, शेती नसलेल्या जमिनीच्या चौरस मैलांना विसाने भागायचे. दोन ते पाच हजार वस्तीच्या प्रत्येक गावामागे एक मैल आणि त्याहून मोठ्या गावामागे पाच मैल मिळवायचे. पुढच्या वाढीसाठी शेकडा पंधरा जास्त धरायचे, आणि आगगाडीचा रूळ जितके मैल असेल तितके वजा करायचे. उरेल तेवढ्या मैलांचे मोठे रस्ते त्या प्रदेशाला हवेत. लहान रस्त्यांचे सूत्र निराळे होते, आणि त्यात पाचशे वस्तीच्या आतल्या खेड्यालाही मैलाचा पाचवा हिस्सा दिलेला होता. साऱ्या देशाची बेरीज सुमारे ३,३१,००० मैल, म्हणजे सुमारे ५,३२,००० किलोमीटर झाली.

हे सूत्र आम्हांस आदराचे वाटते. ज्या खेड्याला कोणी विचारीत नव्हते, त्या खेड्याला राज्याच्या गणितात जागा मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आमचा सारा जन्म मजूर संघटनेच्या कामात गेला आहे. कोणतेही सूत्र समोर आले की त्यात कोण मोजला गेला आणि कोण राहिला, हे पाहण्याची आम्हांस सवय झाली आहे. नागपूरच्या सूत्रात शेत आहे, रान आहे, गाव आहे, रूळसुद्धा आहे. एकदा बांधलेला रस्ता टिकवायचा कसा, कोणी आणि किती खर्चाने, याचे अक्षर त्यात नाही. ते सूत्र लांबीचे आहे, आयुष्याचे नाही.

रस्त्याच्या तीन वह्या असतात असे आम्ही समजतो. पहिली वही सरकारी खर्चाची: खडी, मुरूम, डांबर, रोलर, मजुरी. दुसरी वही रस्ता वापरणाऱ्याची: बैलांचा दम, मोटारीचे टायर, जळालेले तेल, फुटलेले स्प्रिंग, वाया गेलेले तास. तिसरी वही रस्त्यावर राबणाऱ्या माणसाची: त्याचा रोज, त्याची नोकरी, त्याची म्हातारपणची सोय. या तिन्ही वह्या शेजारी मांडून पाहिल्या तेव्हा रस्ते टिकले. एकीकडेच पाहून काटकसर केली तेव्हा ती फार महागात पडली. अर्थशास्त्राने रस्त्यांच्या देखभालीचा जो विचार केला त्याचा इतिहास याच दृष्टीने येथे सांगावयाचा आहे.

आरंभ वेठीपासून करावा लागतो. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये राजरस्ते वेठीने बनत. शेतकऱ्याला वर्षातले ठरावीक दिवस बैलगाडीसह, पैशावाचून, रस्त्यावर राबावे लागे. खजिन्याच्या वहीत हा खर्च शून्य दिसे. लिमोज प्रांताचा कारभारी तुर्गो याला ते शून्य खोटे वाटले. शेतकऱ्याचा पेरणीचा दिवस बुडतो, त्याचे बैल झिजतात, आणि मनाविरुद्ध केलेले काम चार महिन्यांत उखडते. मग हे फुकट कसे? त्याने आपल्या प्रांतात वेठ काढून तिच्या जागी कर बसवला व मजुरी रोख दिली. १७७६ मध्ये मंत्री असताना त्याने साऱ्या देशासाठी तसा हुकूम काढला. तुर्गो पदावरून गेला आणि वेठ परत आली, पण विचार राहिला. त्याच लिमोजमधला अभियंता ट्रेझागे याने १७७५ च्या आपल्या टिपणात रस्ता बांधण्याच्या रीतीबरोबर तो सतत राखण्यावर भर दिला. पुढे फ्रान्सभर रस्त्याचे ठरावीक तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका पगारी माणसाच्या हवाली करण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे ज्याला मैलकुली म्हणत आले, त्याचा हा दूरचा पूर्वज. त्याने वर्षातून एकदा डोंगर उचलायचा नव्हता. रोज फिरायचे, चर मोकळा ठेवायचा, खळगा लहान असतानाच बुजवायचा. पुढे आमच्या वऱ्हाडात गाडगेबाबा गावोगाव खराटा घेऊन फिरले. त्यांचे शास्त्र वेगळे होते काय?

फ्रान्समधलाच अभियंता झ्यूल द्युप्युई याने या व्यवहारज्ञानाला गणिताचे रूप दिले. रस्त्यांच्या देखभालीच्या खर्चावर त्याने १८४२ मध्ये लिहिले, आणि १८४४ मध्ये सार्वजनिक बांधकामांची उपयुक्तता मोजावी कशी यावर जो निबंध लिहिला, तो अर्थशास्त्राच्या इतिहासात आजही मानाने सांगितला जातो. त्याचे म्हणणे साध्या भाषेत असे. देखभालीचा खर्च कमीत कमी करणे हे ध्येय धरू नये. रस्ता राखण्याचा खर्च आणि त्यावरून माल नेण्याचा खर्च यांची बेरीज कमीत कमी व्हावी, हे ध्येय धरावे. येथे पहिली आणि दुसरी वही प्रथमच एका मेजावर आली. ध्यानात ठेवण्यासारखे हे आहे की हा विचार कोणा पेढीवाल्याच्या गादीवर सुचला नाही. खडी आणि चिखल यांच्याशी रोज गाठ पडणाऱ्या माणसाला तो सुचला.

इंग्लंडात मॅकॲडम १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा प्रमुख झाला. खालची माती कोरडी राहिली तर ती कोणतेही वजन तोलते, म्हणून रस्त्याचे पाणी बाहेर काढा, हे त्याच्या शिकवणीचे सार. तिथलीही सक्तीची मजुरी १८३५ च्या कायद्याने गेली. नागपूरच्या पश्चिमेकडील काळ्या मातीला मॅकॲडमचा धडा फार लागू पडतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता वरून झिजण्याआधी खालून खचतो. मृगाच्या आधी तुंबलेली मोरी मोकळी करायला एक माणूस, एक फावडे आणि एक दिवस लागतो. ती तुंबलेलीच राहिली तर आश्विनात तिथे रोलर, डांबराची पिपे आणि कंत्राटदार आणावे लागतात.

आमच्या भागातले मोठे रस्ते कापसाच्या आणि लष्कराच्या गरजेतून वाढले. नागपूरहून उत्तरेस जबलपूरकडे आणि पूर्वेस रायपूरकडे जाणारे रस्ते ते. रायपूर-दुर्गकडे आजही त्या रस्त्याला जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड म्हणतात. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली आणि सरकारचे लक्ष रुळाकडे वळले. लांबचा माल रुळाने जाऊ लागला, पण शेतातून स्टेशनापर्यंतचा कापूस बैलगाडीनेच येत होता. त्या गाडीच्या चाकाला अरुंद लोखंडी धाव. खडीचा रस्ता ती सुरीसारखी चिरत जाई. त्यातच पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. त्यांची रबरी चाके खडीमधला बारीक चुरा ओढून काढीत आणि लोखंडी धाव उरलेली खडी फोडी. दोघांच्या मारात जिल्हा मंडळांचे रस्ते पार खिळखिळे झाले.

तेव्हा १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांच्या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर. बॅरिस्टर जयकरांना महाराष्ट्र विद्वान आणि राजकारणी म्हणून ओळखतो. रस्त्यांच्या इतिहासातही त्यांचे स्थान मोठे आहे. १९२८ च्या अहवालात जयकर समितीने सांगितले की रस्त्यांचा भार आता प्रांतांच्या व स्थानिक मंडळांच्या आवाक्याबाहेर गेला आहे, सबब मध्यवर्ती सरकारने तो उचलावा, आणि पैसा मोटारीच्या पेट्रोलवर जादा कर बसवून उभा करावा. त्याप्रमाणे १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी स्थापन झाला. ही द्युप्युईच्याच विचाराची व्यावहारिक बाजू होय. रस्ता चांगला झाल्याने ज्याचे तेल वाचते, त्याने त्या वाचलेल्या पैशातला थोडा भाग रस्त्याला द्यावा. दुसऱ्या वहीतली जमा पहिल्या वहीत आणण्याचा तो मार्ग होता. जयकर समितीच्या सूचनांतूनच १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली, आणि नागपूरच्या परिषदेमागेही हीच प्रेरणा होती.

स्वातंत्र्यानंतर रस्ते वाढले. १ एप्रिल १९४७ पासून राष्ट्रीय महामार्गांचा भार केंद्राने घेतलेलाच होता. नागपूर योजनेची लांबी १९६१ पर्यंत जवळजवळ गाठली गेली, आणि १९६१ ते १९८१ साठी मुंबई योजना आली. दर शंभर चौरस किलोमीटरमागे सोळा किलोमीटरचे नागपूरचे माप तिने बत्तीसवर नेले. २०१९ मध्ये देशातले एकूण रस्ते सुमारे ६३ लाख किलोमीटर भरले, म्हणजे नागपूरच्या आकड्याच्या जवळजवळ बारापट. लांबीच्या परीक्षेत आपण पहिल्या वर्गात उतरलो आहोत.

देखभालीचे काय झाले? पंचवार्षिक योजनांच्या काळात सरकारी खर्चाचे दोन भाग पडले: योजनांतर्गत आणि योजनेतर. नवा रस्ता योजनेत. झालेला रस्ता राखणे मुख्यतः योजनेबाहेर. योजनेतला खर्च म्हणजे विकास, बाहेरचा म्हणजे ओझे, असा समज कचेऱ्याकचेऱ्यांत रुजला. ओढाताण आली की पहिली कात्री ओझ्यावर चाले. नव्या रस्त्याला नारळ फुटतो, कोनशिला बसते. मोरी मोकळी केल्याची कोनशिला आम्ही कोठे पाहिली नाही. हा भेद २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून केंद्राने मोडला खरा, पण पासष्ट वर्षांची सवय एका अर्थसंकल्पाने जात नाही.

याच काळात शास्त्र मात्र पुढे चालले होते. १९५८ ते १९६० या वर्षांत अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्त्यांची वर्तुळे बांधून त्यांवर सैनिकांनी रात्रंदिवस मालमोटारी फिरवल्या. त्यातून निघालेला नियम प्रत्येक नागरिकाने जाणावा असा आहे: चाकाच्या आसावरचे वजन वाढले की रस्त्याची झीज वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, तर झीज सोळापट. आपल्याकडे चार टायरांच्या एका आसावर १०.२ टन वजनाची मर्यादा होती. २०१८ मध्ये ती ११.५ टन करण्यात आली. वजन वाढले शेकडा तेरा. चौथ्या घाताने हिशेब करा, आसापुरती झीज शेकडा साठाच्या वर वाढते. मालमोटारवाल्याला या निर्णयाने फायदा झाला आणि तो कदाचित देशाचाही असेल. पण त्या वाढीव झिजेपुरती देखभालीची तरतूद वाढली पाहिजे, हे गणित त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला लिहायला हवे.

दुसऱ्या वहीचे मोजमापही आपल्याच देशात झाले. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने १९७७ ते १९८२ या काळात रस्ता वापरणाऱ्यांच्या खर्चाची मोठी पाहणी केली. रस्त्याचा खडबडीतपणा यंत्राने मोजायचा, आणि तशा रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांचे तेल, टायर, सुटे भाग, दुरुस्ती यांचे हिशेब गोळा करायचे. केनिया आणि ब्राझीलमध्येही अशा पाहण्या झाल्या, आणि या साऱ्यांच्या आधारे जागतिक बँकेने १९८७ मध्ये एक गणिती साचा प्रसिद्ध केला: अमुक रस्त्यावर अमुक वेळी डांबराचा थर दिला तर वीस वर्षांत एकूण खर्च किती, आणि दिला नाही तर किती. इंडियन रोड्स काँग्रेसनेही आर्थिक मूल्यमापनाची स्वतःची पुस्तिका काढली.

हा हिशेब अवघड वाटेल, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका रस्त्यावरून दिवसाला हजार गाड्या जातात आणि खड्ड्यांमुळे प्रत्येक गाडीला किलोमीटरमागे दोन रुपये जास्त पडतात. वर्षाला एका किलोमीटरमागे ७,३०,००० रुपये लोकांच्या खिशातून गेले. त्याची पावती कोणी फाडत नाही, म्हणून तो कर कोणाला दिसत नाही. आता समजा, पाच किलोमीटरला एक पगारी मजूर नेमला, त्याला महिन्याला वीस हजार दिले. किलोमीटरमागे वर्षाला ४८,००० झाले. तेवढेच सामानाला धरा. लाखाच्या आत बसले. या माणसाच्या राबण्याने लोकांचे जादा नुकसान केवळ एक सप्तमांश कमी झाले, तरी त्याचा सारा खर्च निघून वर काही उरते.

यावर जाणकार म्हणेल, उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. बरोबर आहे. आपल्याकडे रस्त्यांच्या हिशेबात बारा टक्के दराने पुढचा पैसा कापून धरण्याची रीत आहे. त्या दराने सहा वर्षांनंतरचा रुपया आज सुमारे पन्नास पैशांचा ठरतो. देखभाल टाळण्याचे समर्थन काही जण यातून काढतात. त्यांनी जागतिक बँकेच्या १९९४ च्या विकास अहवालातील एक आकडा पाहावा. आफ्रिकेत वेळेवर १२ अब्ज डॉलर देखभालीला खर्चले असते, तर मागच्या दशकातला पुनर्बांधणीचा ४५ अब्ज डॉलरचा खर्च वाचला असता, असे तो सांगतो. बारा टक्क्यांनी १२ चे ४५ व्हायला साडेअकरा वर्षे लागतात. ते रस्ते त्याआधीच बसले. सावकारी व्याज लावूनही डागडुजीच स्वस्त ठरते. आवळा देऊन कोहळा काढण्याची म्हण आपल्याकडे आहे. येथे आवळा वाचवण्यासाठी कोहळा घालवला.

आता तिसरी वही. द्युप्युईपासून जागतिक बँकेपर्यंतच्या हिशेबांत मजूर येतो तो खर्चाच्या बाजूला, खडी आणि डांबर यांच्या रांगेत. महाराष्ट्रात त्याची वही प्रथम उघडली ती १९६७ च्या कालेलकर तडजोडीने. बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबणाऱ्यांपैकी ज्यांची सलग पाच वर्षे भरली, त्यांना रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घेण्याचे ठरले. नाव मोठे विचित्र, 'रूपांतरित' आणि 'अस्थायी' दोन्ही एकदम! तरी त्या नावाने हजेरीपटावरच्या माणसाला रजा मिळाली आणि उद्याची खात्री मिळाली. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला बसली. त्यातून वाढलेल्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. साठ टक्के खर्च अकुशल मजुरीवर, हे तिचे प्रमाण. त्या योजनेने भुकेल्याला काम दिले, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. पण तिनेही रस्ता बांधायला माणसे दिली. तो पुढल्या पावसाळ्यात राखायला माणूस दिला नाही.

त्यानंतर जगभर वारा फिरला. कायम माणसे ठेवण्यापेक्षा देखभाल कंत्राटाने द्यावी, असा विचार पुढे आला. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यावरच पाच वर्षे तो राखण्याची जबाबदारी टाकली आहे. ही सुधारणा आहे, हे मान्य केले पाहिजे. बांधतानाच राखण्याचा पैसा धरला, हे अक्षर नागपूरच्या सूत्रात नव्हते. पण पाच वर्षांनंतर कोण? आणि त्या पाच वर्षांत फावडे ज्याच्या हातात आहे, त्याला कायद्याचे किमान वेतन, विमा, भविष्यनिर्वाह निधी मिळतो की नाही, हे कोण्या हिशेबात दिसते? स्वस्त कंत्राट जर मजुराचा रोज कापून स्वस्त झाले असेल, तर ती तुर्गोने ओळखलेली जुनी वेठच आहे. वहीत शून्य, रानात खर्च.

आमच्या सभांतून अर्थशास्त्राविषयी एक संशय असतो, आणि तो निराधार नाही. नागपूरच्या गिरणी कामगाराने 'कार्यक्षमता' हा शब्द जेव्हा जेव्हा ऐकला, तेव्हा तेव्हा कोणाची तरी नोकरी गेली. म्हणून हिशेबच नको, असे म्हणणारे सोबती भेटतात. आम्ही त्यांना सांगतो, हिशेब टाळून मजूर जिंकत नाही. अर्धा हिशेब पुरा करायला लावून जिंकतो. पुरा हिशेब आपल्यालाही काही सुनावील, तेही ऐकले पाहिजे. घमेले आणि धुमस घेऊन डांबरी महामार्ग राखता येत नाही. जिथे यंत्र हवे तिथे यंत्र आलेच पाहिजे, आणि मजुराने ते चालवायला शिकले पाहिजे. हजेरी लावून झाडाखाली बसणाऱ्याची बाजू संघटनेने घेऊ नये. तोच हिशेब हेही सांगतो की चर, मोरी, साइडपट्टी, झुडपे आणि पहिला लहान खड्डा या कामांना त्या तुकड्याची खोड ओळखणाऱ्या माणसाइतके स्वस्त साधन अजून निघालेले नाही.

या वसंतात आम्ही नागपूरकरांपुढे मागणी ठेवतो ती लहान आहे. प्रत्येक नव्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात तीन रकाने असावेत: दर वर्षी राखायला किती लागेल, न राखल्यास वापरणाऱ्यांना किती भुर्दंड पडेल, आणि राखणारी माणसे किती, कोणत्या वेतनावर, किती वर्षांसाठी. रस्त्याच्या कडेला कंत्राटदाराचा फलक लावतात, त्याच फलकावर हे तीन आकडे लिहावेत, म्हणजे बसची वाट पाहणारा शेतकरीसुद्धा ते वाचील आणि पुढल्या ग्रामसभेत विचारील. १९४३ मध्ये या शहरात अभियंत्यांनी प्रत्येक खेड्याला सूत्रात जागा दिली. त्या सूत्रात उरलेले अक्षर भरण्याचे काम याच शहराने हाती घ्यावे, आणि ते येत्या मृगाच्या आधी घ्यावे.